जवळ जाण्याचे गणित

काही वर्षांपूर्वीची, मे महिन्यातली गोष्ट. गावाबाहेरच्या पाझर तलावाचे पाणी बरेच आटले होते. उघड्या पडलेल्या मुरमाड काठावर मला टिटवीचे घरटे सापडले. घरटे कसले, खडे बाजूला सारून केलेला वीतभर खळगा. त्यात मातकट रंगाची, काळ्या डागांची चार अंडी. चारींची निमुळती टोके आत वळलेली. उसना आणलेला कॅमेरा हातात होता. घरट्यापासून सात-आठ पावलांवर एका दगडाच्या आडोशाने मी बसलो. सकाळचे दहा वाजले होते.

टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत राहिली. कधी वीस पावलांवर उतरे, दोन पावले घरट्याकडे धावे, थबके, पुन्हा उडे. पाऊण तासाने एकदाची ती अंड्यांवर आली. मला हवे होते ते छायाचित्र मिळाले. डोळ्याभोवतीची लाल कडा, चोचीजवळची लाल मांसल पाळी, पोटाखाली डोकावणारे अंडे, सगळे स्वच्छ.

शाळेत ते छायाचित्र दाखवले तेव्हा सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, पाऊण तास ती अंड्यांवर बसलीच नाही, मग तेवढा वेळ अंडी उन्हात होती?"

उत्तर मला ठाऊक होते. फक्त ते त्या सकाळी आठवले नव्हते. पक्ष्याच्या अंड्यातला गर्भ साधारण ३७-३८ अंश सेल्सियस तापमानाला नीट वाढतो. अंडे काही काळ गार पडले तर वाढ मंदावते, पण गर्भ बहुधा तग धरतो. तापले तर मात्र फार थोड्या अंशांची सवड असते. मे महिन्यात उघड्या मुरमाचा पृष्ठभाग दुपारी ५० अंशांच्या वर सहज जातो. म्हणून उन्हाळ्यात टिटवी अंड्यांवर बसते ती उबवण्यासाठी कमी आणि सावली धरण्यासाठी जास्त. पाण्यावर जाऊन ती पोटाची पिसे भिजवते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर येऊन बसते. मी तिच्या सावलीचा पाऊण तास घेतला होता.

दहा-बारा दिवसांनी पाहिले तर खळगा रिकामा होता. पिल्ले बाहेर पडली असतील, अंडी मुंगसाने नेली असतील, किंवा माझ्या फेऱ्या पाहून कावळ्याला जागा कळली असेल. सांगता येत नाही. पण त्यानंतर 'पक्ष्याच्या जवळ जाणे' म्हणजे नक्की काय, याचा मी नीट विचार करू लागलो. या विचारात शाळेतले बरेचसे भौतिकशास्त्र, थोडी भूमिती आणि थोडे प्राणिशास्त्र लागते. म्हणून तो आपल्यासमोर मांडत आहे.

लांबूनच मोठा फोटो का येत नाही?

पाणथळीत, चिखलात आणि किनाऱ्यावर पायांनी चालत अन्न शोधणाऱ्या पक्ष्यांचा हा विषय आहे. शेकाट्या, तुतारी, टिलवा, चिखल्या, पाणलावा, कुरल, टिटवी ही त्यांतली आपल्याकडची परिचित मंडळी. यांचे छायाचित्र घेणे अवघड असते, कारण जागा उघडी असते. झाडाआड लपत जाता येत नाही. आपण त्यांना दिसतो, आणि बऱ्याच आधी दिसतो.

मग लांबूनच मोठ्या भिंगाने फोटो का घेऊ नये? प्रतिमा केवढी पडते ते पाहू. वस्तू भिंगापासून पुष्कळ दूर असेल, तर

प्रतिमेची लांबी = वस्तूची लांबी × नाभीय अंतर ÷ वस्तूचे अंतर

हे सूत्र पुरेसे अचूक असते. शेकाट्या चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे ३५ सेंमी. भिंगाचे नाभीय अंतर ४०० मिमी घेऊ. पक्ष्यांची छायाचित्रे घेणाऱ्यांकडे हे सर्रास असते. शेकाट्या १०० मीटरवर असेल तर प्रतिमा १.४ मिमी, ४० मीटरवर साडेतीन मिमी आणि १० मीटरवर १४ मिमी. जुन्या फिल्मची चौकट ३६ × २४ मिमी असे, आजच्या मोठ्या डिजिटल सेन्सरचा आकारही तेवढाच असतो. म्हणजे १०० मीटरवरचा शेकाट्या चौकटीच्या रुंदीचा पंचविसावा भागच व्यापतो. १० मीटरवरचा मात्र ३६ पैकी १४ मिमी व्यापतो.

हातातल्या मोबाइलचे काय? त्याच्या साध्या भिंगाचा दृष्टिकोन वरच्या चौकटीच्या हिशेबात २६ मिमीच्या आसपासच्या भिंगासारखा असतो. १० मीटरवरचा शेकाट्या त्यात एक मिमीहूनही लहान पडतो. चित्र ४,००० ठिपके रुंदीचे धरले तर पक्ष्याच्या वाट्याला लांबीत जेमतेम १०० ठिपके येतात. तो बोटांनी कितीही ताणून मोठा केला तरी नवे तपशील येत नाहीत, ठिपकेच मोठे होतात. म्हणून मोबाइल घेतलेला माणूस नकळत पुढे पुढे सरकत राहतो. शाळेत दुर्बीण असेल तर मोबाइल तिच्या नेत्रिकेला टेकवून धरावा. थोड्या सरावाने ओळख पटण्याइतके चित्र मिळते, आणि पक्ष्याला उठावे लागत नाही.

याहून शक्तिशाली भिंग घेतले तरी एक अडचण उरते, ती म्हणजे हवा. उन्हाने जमीन तापली की तिच्यालगतची हवा गरम होऊन वर चढते आणि थंड हवा खाली येते. गरम आणि थंड हवेचे अपवर्तनांक किंचित वेगळे असतात. त्यामुळे या हलत्या थरांतून येणारा प्रकाशकिरण सतत इकडेतिकडे वाकत राहतो. डांबरी रस्त्यावर दुपारी समोरचे दृश्य थरथरताना दिसते ते याच कारणाने. पक्षी आणि कॅमेरा यांच्यामध्ये अशी १०० मीटर हवा असेल, तर लाखो रुपयांचे भिंगही पिसांच्या कडा पुसटच दाखवणार. उपाय दोनच. सकाळी लवकर जाणे, आणि मधली हवा कमी करणे, म्हणजेच जवळ जाणे.

फार जवळही नको

जवळ जाण्यालाही मर्यादा आहे. भिंग एकाच अंतरावरची वस्तू अगदी स्पष्ट दाखवते. तिच्या थोडे पुढे-मागे जे असते ते चालण्याजोगे स्पष्ट दिसते. या पट्ट्याची जाडी अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ४०० मिमीचे भिंग आणि छिद्राचा आकडा ५.६ असेल, तर १० मीटरवर हा पट्टा सुमारे २० सेंमी जाडीचा असतो. ४ मीटरवर तो साडेतीन सेंमीच्या आत येतो. एवढ्यात पक्ष्याचा डोळा स्पष्ट येईल, चोचीचे टोक आणि शेपटी पुसट होतील. म्हणजे हव्यासाने आणखी सहा मीटर पुढे जाऊन, पक्ष्याला बिथरवून, हाती येते ते पुष्कळदा आधीपेक्षा वाईट चित्र.

हालचालीचेही असेच आहे. चिखलावर धावणारा चिखल्या सेकंदाला दीड मीटर गेला, तर १० मीटरवरून त्याची प्रतिमा सेन्सरवर सेकंदाला ६० मिमी वेगाने सरकते. शटर एका सेकंदाचा २५० वा भाग उघडे राहिले तर तेवढ्यात ती जवळजवळ पाव मिमी सरकते, आणि चित्र फरफटलेले दिसते. २,००० वा भाग ठेवला तर ती ०.०३ मिमीच सरकते. तेवढे खपून जाते. हेच अंतर निम्मे केले की प्रतिमेचा वेग दुप्पट होतो. हा हिशेब वर्गात फळ्यावर करून पाहावा. समरूप त्रिकोणांचा इतका जिवंत उपयोग क्वचितच सापडेल.

पक्ष्याला आपण कसे दिसतो?

आता बाजू बदलू. आपण शेकाट्या आहोत आणि समोरून एक माणूस येत आहे.

या पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे मान न वळवता त्यांना आजूबाजूचा फार मोठा भाग दिसतो. पाणलाव्याचे डोळे तर इतके मागे सरकलेले असतात की चोच चिखलात खुपसलेली असतानाही त्याला मागचे आणि वरचे दिसते. तेव्हा 'त्याची पाठ आहे, आता सरकू या' ही आपली युक्ती फुकट जाते.

आपण किती मोठे दिसतो हे आपल्या उंचीवर नव्हे, तर आपण डोळ्याशी केवढा कोन करतो यावर ठरते. १६५ सेंमी उंचीचा माणूस ३० मीटरवर उभा असेल तर तो सुमारे तीन अंशांचा कोन करतो. तोच माणूस पालथा झोपला तर त्याची उंची ३५ सेंमी धरू. किती अंतरावर तो तेवढाच कोन करील? ३० × ३५ ÷ १६५, म्हणजे जवळजवळ सव्वासहा मीटर. निव्वळ भूमितीच्या दृष्टीने ३० मीटरवर उभा असलेला माणूस आणि सव्वासहा मीटरवर पालथा पडलेला माणूस सारख्याच उंचीचे दिसतात. पक्षी केवळ कोन मोजून पळत नाही हे खरे. माणसाची उभी आकृती, हातांची हालचाल, आपल्याकडे रोखलेली नजर हे सगळे तो पाहतो. पण आडवे होण्याने एवढा फरक का पडतो याचा अंदाज यावरून येतो.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कोन वाढण्याचा वेग. आपल्यावर झेप घेणारी वस्तू आणि दुरून जाणारी वस्तू यांतला फरक प्राण्यांना यावरून कळतो. कबुतरांच्या मेंदूत तर अशा चेतापेशी सापडल्या आहेत की ज्या समोरून अंगावर येणाऱ्या वस्तूलाच प्रतिसाद देतात. माणूस सेकंदाला एक मीटर या साध्या चालीने येत आहे असे धरू. ३० मीटरवर असताना त्याचा कोन सेकंदाला सुमारे एक दशांश अंशाने वाढतो. १० मीटरवर असताना, चाल तीच असली तरी, कोन सेकंदाला जवळजवळ एका अंशाने वाढतो. अंतर एक तृतीयांश झाले, पण वाढीचा वेग नऊपट झाला, कारण तो अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो.

याचा सरळ अर्थ असा की, जवळ जाताना एकाच वेगाने चालणारा माणूस पक्ष्याच्या दृष्टीने धावून येत असतो. ३० मीटरवर जेवढे 'हळू' होतो तेवढेच हळू १० मीटरवर वाटायचे असेल, तर चाल एक नवमांश करायला हवी. म्हणजे सेकंदाला ११ सेंमी. हे चालणे नव्हे, रांगणेच. अनुभवी छायाचित्रकार कोपरांवर सरकत, मध्ये मध्ये दोन-तीन मिनिटे निश्चल पडून जातात. त्यांनी हे गणित मांडलेले नसते, पण पक्ष्यांनी ते त्यांना शिकवलेले असते. शिवाय ते सरळ रेषेत जात नाहीत. पक्ष्याच्या बाजूने निघून जात असल्यासारखे तिरके सरकतात. सरळ अंगावर येणाऱ्या माणसाला पक्षी लवकर बिचकतात.

आडवे होण्याचा दुसरा फायदा

आडवे झाल्याने चित्रही सुधारते. पक्ष्याचे अंग जमिनीपासून २० सेंमीवर आहे आणि तो १० मीटरवर आहे असे धरू. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे दीड मीटरवर असेल, तर नजरेची रेषा १० मीटरमध्ये १३० सेंमी खाली उतरते. पक्ष्याला ओलांडून ती आणखी दीड मीटरवर जमिनीला टेकते. म्हणजे पक्ष्याच्या मागे जे दिसणार ते दीड मीटरवरचे चिखलाचे ढेकूळ. ते पुरेसे पुसट होत नाही, आणि करडा पक्षी करड्या चिखलात हरवतो.

आता कॅमेरा ३० सेंमीवर आणा. रेषा १० मीटरमध्ये फक्त १० सेंमी उतरते. उरलेले २० सेंमी उतरायला तिला आणखी २० मीटर लागतात. पक्ष्यामागची पार्श्वभूमी दीड मीटरवरून २० मीटरवर गेली. ती आता मऊ रंगाचा एक पडदा होते आणि पक्षी तिच्यातून उठून दिसतो. कॅमेरा आणखी खाली, पक्ष्याच्याच उंचीवर आणला तर रेषा जमिनीला टेकतच नाही. मागे पलीकडचा काठ किंवा आकाश येते.

अर्थात जमिनीलगतच हवेची थरथर सर्वांत जास्त असते. म्हणून आडवे पडून फोटो घ्यायचे तर सूर्य वर येण्याआधीचे दोन तास किंवा ढगाळ दिवसच बरे. सूर्य आपल्या पाठीशी असावा, म्हणजे पक्ष्याच्या डोळ्यात प्रकाशाचा ठिपका दिसतो आणि चित्र जिवंत वाटते. बगळा किंवा शेकाट्याचे पांढरे पोट पुष्कळदा नुसता पांढरा डाग होते. कॅमेरा समोरचे दृश्य सरासरी करड्या रंगाचे आहे असे समजून उजेड मोजतो, आणि आजूबाजूला गडद चिखल असला की जास्त उजेड आत घेतो. अशा वेळी उजेड थोडा कमी करावा.

पक्षी सांगत असतो

पक्षी अचानक उडाला, असे आपण म्हणतो. खरे तर तो अचानक उडत नाही. उडण्याआधी तो बरेच काही सांगतो. आपले लक्ष कॅमेऱ्याच्या खिडकीत असते.

निर्धास्त पक्षी चरत असतो, पिसे साफ करतो, एका पायावर उभा राहून चोच पाठीच्या पिसांत खुपसतो. पहिली खूण म्हणजे चरणे थांबते. मग मान ताठ होते आणि एक डोळा आपल्याकडे वळतो. टिटवी आणि तुतारी डोके किंवा शेपूट वरखाली झटकू लागतात. मग पक्षी चालत दूर जाऊ लागतो, इशाऱ्याचा आवाज काढतो, विष्ठा टाकतो, पंख किंचित उचलतो. त्यानंतर उडतो.

ताठ मान ही आपली थांबण्याची खूण. तिथेच निश्चल व्हायचे. पक्षी पुन्हा चरू लागला तर त्याने आपल्याला तेवढ्या अंतरावर स्वीकारले. नाही लागला तर मागे सरकायचे. परतणेही तितकेच हळू. फोटो झाल्यावर ताडकन उठून कपडे झटकणारा माणूस सगळा थवा उडवून जातो.

त्याला येऊ द्यावे

यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे आपण न जाता त्यालाच येऊ देणे. इंग्लंडमधले रिचर्ड आणि चेरी कर्टन हे भाऊ या कलेचे आद्य प्रवर्तक. त्यांचे १८९५ सालचे पक्ष्यांच्या घरट्यांवरील पुस्तक संपूर्णपणे छायाचित्रांनी सजलेले होते, आणि निसर्गविषयक पुस्तकांत तसे ते पहिलेच मानले जाते. १९०० च्या सुमारास त्यांनी लपण्यासाठी चक्क बैलाचे पोकळ सोंग बनवले. लाकडी सांगाड्यावर बैलाचे कातडे चढवलेले, आत वाकून उभा असलेला माणूस आणि कॅमेरा. शेतात चरणाऱ्या बैलाला पक्षी भीत नाहीत, हे त्यामागचे साधे निरीक्षण. आपल्याकडे म्हशीच्या पायांत निर्धास्त फिरणारे गायबगळे पाहिले की ही कल्पना पटते.

आपल्याला बैलाची गरज नाही. मातकट रंगाच्या कापडाचा, चार काठ्यांवरचा आडोसा पुरतो. तो आदल्या दिवशी उभारून पक्ष्यांना त्याची सवय होऊ द्यावी. आत शिरताना पक्षी पाहतातच. त्यासाठी जुन्या छायाचित्रकारांची एक युक्ती आहे. दोघांनी मिळून आडोशापर्यंत जायचे, एकाने आत बसायचे आणि दुसऱ्याने गाजावाजा करत परत जायचे. पुष्कळदा पक्षी निर्धास्त होतात. 'पक्ष्यांना मोजता येत नाही' असा याचा अर्थ लावला जाई. पण कबुतरे आणि कावळे लहान संख्यांतला फरक ओळखतात हे प्रयोगांनी दिसले आहे. तेव्हा कदाचित असे असेल की माणूस जाताना दिसला, एवढेच त्यांना पुरते. हा प्रश्न मुलांसमोर उघडा ठेवावा. 'मोजता येत नाही' आणि 'मोजण्याची गरज वाटत नाही' यांतला फरक कसा शोधाल?

कोकणात आणि ठाण्याच्या खाडीसारख्या ठिकाणी तर समुद्रच मदतीला येतो. ओहोटीला चिखल मैलभर उघडा पडतो आणि पक्षी दूरवर पांगतात. भरती चढू लागली की चिखल आक्रसतो आणि चरणारे पक्षी पाण्यापुढे काठाकडे सरकतात. भरतीआधी दोन तास काठावर बसून राहिले की पक्षी आपण होऊन जवळ येतात. भरतीची वेळ काढायची कोळ्यांची रीत सोपी आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. रोज ही वेळ पाऊण तासाने, अधिक अचूक सांगायचे तर सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. मात्र चिखलात उतरू नये. पाय रुतलेला असताना चढते पाणी कोणाची वाट पाहत नाही. आणि पूर्ण भरतीला उरलेल्या उंचवट्यावर दाटीने विसावलेल्या थव्याच्या वाटेला जाऊ नये. त्या वेळी त्यांना जायला दुसरी जागा नसते.

किंमत कोण देतो?

एकदा उडाला तर काय बिघडले, दुसरीकडे जाऊन बसेल, असे वाटते. टिलव्याचा हिशेब पाहू. त्याचे वजन २५ ग्रॅमच्या आसपास, एका लिंबाहूनही कमी. हिवाळ्यात आपल्या तलावांवर दिसणारा टिलवा युरेशियाच्या अगदी उत्तरेकडच्या टुंड्रात जन्मलेला असतो आणि एप्रिल-मेपर्यंत त्याला तिकडे परतायचे असते. त्यासाठी लागणारी चरबी त्याला चिखलातल्या अळ्या आणि किडे एकेक वेचून साठवावी लागते. लांब पल्ल्याचे काही किनारपक्षी निघण्यापूर्वी जवळजवळ दुप्पट वजनाचे होतात. हे इंधन किती दूर नेते याचे टोकाचे उदाहरण २०२२ सालचे आहे. पाठीवर प्रक्षेपक बसवलेले गॉडविट जातीचे एक तरुण पाखरू अलास्काहून निघाले आणि ११ दिवसांत, कुठेही न उतरता, १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियात पोहोचले.

चरण्याचा वेळ हे अशा पक्ष्याचे भांडवल आहे. एका माणसाने एकदा उठवले तर ते निभावते. पण प्रसिद्ध पाणवठ्यांवर सुट्टीच्या दिवशी माणसामागून माणूस येतो. काही ठिकाणी तर रोहित पक्ष्यांचे उडतानाचे गुलाबी पंख टिपता यावेत म्हणून नाव मुद्दाम थव्यात घातली जाते. उडण्याला विश्रांतीच्या कित्येक पट ऊर्जा लागते. शिवाय उडालेला थवा परत स्थिरावून चरू लागेपर्यंत वेळ जातो, तो वेगळाच. प्रत्येक छायाचित्रकाराला वाटते की आपण एकदाच उठवले. पक्ष्याच्या हिशेबात ती सगळी बेरीज असते.

घरट्यांच्या बाबतीत तर कायदाही स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या दिली आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणे हेही येते. बंदूक घेतलेला आणि कॅमेरा घेतलेला यांच्यात कायद्याने इथे फरक केलेला नाही. हे वाचले तेव्हा तो मे महिन्यातला पाऊण तास मला पुन्हा आठवला.

वर्गासाठी

या विषयावर कॅमेऱ्याशिवायही बरेच करता येते.

१. मैदानावर एक विद्यार्थी उभा करावा. दुसऱ्याने ३०, २०, १० आणि ५ मीटरवरून हात लांब करून पट्टीने त्याची दिसणारी उंची मोजावी. अंतर आणि उंची यांचा आलेख काढावा. मग त्याला पालथे झोपवून हेच करावे.

२. तळ्याकाठी लांब बसून एका पक्ष्याच्या चोचीचे ठोके मिनिटाला किती पडतात ते मोजावे. रस्त्याने माणूस, सायकल, म्हैस, कुत्रा जाताना ही संख्या कशी बदलते ते नोंदवावे. पक्ष्याला मुद्दाम उठवू नये. वाटसरूंकडून प्रयोग आपोआप होत राहतो.

३. शाळेच्या आवारातले कावळे, कबुतरे आणि तळ्यावरचे बगळे यांच्याकडे हळू जाताना मान ताठ झाली की थांबावे आणि अंतर पावलांनी मोजावे. गावातले बगळे आणि गावाबाहेरचे बगळे यांत फरक पडतो का? पडत असेल तर का?

४. घरटे दिसले तर काय करायचे, हे आधीच ठरवून ठेवावे. आमच्या शाळेत ठरले आहे की जागेची खूण न करता, वळून, आल्या वाटेने परत जायचे.

टिटवीचे ते छायाचित्र मी अजून वर्गात दाखवतो. ते कसे मिळाले तेही सांगतो.

पुढच्या जानेवारीत त्याच तलावावर आम्ही तिघे गेलो. मी, ती प्रश्न विचारणारी मुलगी आणि तिचा भाऊ. सकाळी सातला काठावर गोणपाट टाकून पालथे पडलो. पहिली वीस मिनिटे टिलव्यांचा थवा ६० पावलांवर होता. मग तो पाण्याच्या कडेकडेने चरत आमच्या बाजूला सरकू लागला. आम्ही हललो नाही. एक टिलवा टोचत टोचत इतका जवळ आला की चिखलावर पडणारी त्याची टपटप पावले ऐकू येत होती. मी बटण दाबायला गेलो तर कॅमेरा फोकस होईना. पक्षी भिंगाच्या किमान अंतराच्याही आत आला होता.

"सर, आता काय करायचं?" मुलीने ओठांतल्या ओठांत विचारले.

"काही नाही. बघायचं," मी म्हणालो.